हेल्गा काट्यावर

नॉर्वे क्रीक, साउथ डकोटा
१६ मे २०२२, सोमवार

प्रिय लोवेल,

तुला आणि तुझ्या नव्या खुब्याला वहिनीचे अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सगळं ठीक आहे. मक्याची पेरणी आटोपत आली. परसातला आंबट रुबार्ब यंदा भरपूर आलाय, पण साखरेचे भाव बघता निम्मा नुसता चिरून फ्रीझरमध्ये टाकलाय. ऑर्विनची तब्येत बरी आहे. भूक उत्तम आहे.

तुझी मोटरसायकल परवा सुखरूप पोचली. एक ओरखडा नाही. ट्रेलरवाल्याला कॉफी आणि माझ्या रुबार्ब-पायचे दोन तुकडे दिले. भाडं तू आधीच चुकतं केलं होतंस म्हणाला, म्हणून मी वर काही ठेवलं नाही. रुबार्ब-पाय चांगला भाजला होता, तेवढं पुरे.

तुझी चिठ्ठी मी ऑर्विनला मोठ्याने वाचून दाखवली. तू लिहिलं होतंस, खुब्यामुळे यंदा चालवणं होणार नाही, ॲरिझोनाच्या उन्हात रबर कडक होतं, तेव्हा गाडी तुमच्या शेडमध्ये राहू दे, अधूनमधून फिरवली तर बरं. त्याने ऐकलं, टोस्टला लोणी लावलं आणि म्हणाला, "ठेवायला दिलीय, ठेवू." मग त्याची जुनी मोटरसायकल, आपली हेल्गा, भिंतीकडे सरकवली, तुझी गाडी आत घेतली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. जेवायच्या वेळेला ताडपत्रीच्या चारी कोपऱ्यांवर विटासुद्धा होत्या.

तू गाडी का पाठवलीस हे मला कळत नाही असं समजू नकोस. मी तुमच्या घरात आले तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. काही फोडलंस की तू माफी मागायचा नाहीस, माझं लाकूड फोडून ठेवायचास. सप्टेंबरमध्ये पेट्रोलपंपावर जे झालं त्यानंतर तुम्ही दोघं भाऊ बोलला नाहीत. फोन आला तर मीच उचलते आणि हवापाणी सांगून ठेवून देते. ऑर्विन ते सगळं खुर्चीत बसून ऐकतो आणि मग विचारतो, "तिकडे पाऊस आहे का?"

असो. मी आज लिहितेय ते गाडीबद्दल विचारायला. फोनवर विचारलं तर तो ऐकेल.

दोन्ही गाड्या एकाच जातीच्या, लांबच्या रस्त्याच्या, दोन माणसं आणि त्यांचं बिऱ्हाड नेणाऱ्या. मध्ये पंचवीस वर्षं. शेतकऱ्यांच्या धान्य सोसायटीत सकाळच्या कॉफीला यावरून रोज वाद चालतो. ऑर्विनचा दोस्त गॉर्डी म्हणतो नवीन गाड्या म्हणजे शिवणयंत्रं, आपल्याकडचा आडवा वारा सुटला की ओढ्यात. ऑर्विन म्हणतो वजन असतं म्हणूनच गाडी रस्त्यावर बसते. ते मी मान्य करते. हेल्गा सरळ रस्त्यावर लागली की चर्चच्या बाकासारखी स्थिर असते, मी मागे बसून मोजे विणलेत. पण तिचा वेग माणसाच्या चालीवर आला की तीच गाडी म्हशीसारखी होते. तुमच्या हेल्गा आत्याचं नाव तिला तूच ठेवलंस, एकदा खाली बसली की उठवायला तिघं लागतात म्हणून.

तर मला एवढंच सांग. तुझी खरंच हलकी आहे का, की नुसती बारीक दिसते? मागे माणूस बसलेलं असताना हळू वळवायला कशी आहे? आणि समजा पडली, तर एकट्याने उचलता येते का? विचारून ठेवते, इतकंच.

तू विचारशील म्हणून सांगते, एक मे रोजी चर्चमध्ये गाड्यांचा आशीर्वाद होता. यंदा एकोणचाळीस गाड्या आल्या. पाद्रीबाईंनी देवदाराच्या डहाळीने प्रत्येकीवर पाणी शिंपडलं. शेवटी 'आमेन' म्हणायच्या ऐवजी सगळ्यांनी इंजिनं सुरू केली तेव्हा दर वर्षीसारखे माझे डोळे भरून आले. मी हॅमचे सँडविच केले होते, एकही उरला नाही. माझा डावा गुडघा जरा निळा आहे, पण त्यावर वजन देता येतं.

आता एवढं लिहिलंय तर पुढचंही लिहिते. आशीर्वादानंतर आम्ही चर्चच्या आवारातून निघालो. मी मागे बसले, नीट टेकले, नेहमीसारखी दोन बोटं त्याच्या खांद्यावर ठोकली. त्याने गाडी हलवली, रस्त्याकडे वळवली, आणि हेल्गा उजवीकडे जी कलायला लागली ती कलतच गेली. वेग मुळी नव्हताच. त्याने पाय टेकला, त्याच्या मांडीची थरथर मला सीटमधून जाणवली, आणि आम्ही दोघं खाली. गॉर्डी आणि आणखी दोघं धावत आले. ऑर्विन म्हणाला, "खडी सैल होती." गॉर्डी म्हणाला, "हो, खडी फार सैल आहे." बाकी सगळे मला कॉफी आणून देत राहिले. माझ्या हातात तीन कप झाले.

त्या जागेवर गेल्या वर्षीच डांबर पडलंय, लोवेल.

उत्तर लिहिलंस तर पोस्टातून मीच आणते.

तुझी वहिनी,
मार्लिस


९ जून २०२२, गुरुवार

प्रिय लोवेल,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं आणि ते शेंगदाण्यांचं पाकीटही. पाकिटाचं टपाल पाकिटापेक्षा महाग पडलं असेल, पुन्हा असं करू नकोस.

तू लिहिलंस की वजन किती यापेक्षा वजन कुठे आहे ते बघ वहिनी; हेल्गाचं खांद्यात आहे, हिचं कमरेत. आणि ही अंगठ्याने बटण दाबलं की आपोआप पुढेमागे सरकते, पाय रेटावे लागत नाहीत. ते मी सहज म्हणून ऑर्विनला सांगितलं. तो म्हणाला, "तुला हे कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "ऐकलं कुठेतरी." देव मला क्षमा करो, ऐकलं नव्हतं, वाचलं होतं.

आता मंगळवारचं सांगते. सांगायला लागले की थांबणार नाही, म्हणून आधीच स्वयंपाक उरकून बसलेय.

सकाळी सोसायटीत गॉर्डीने पुन्हा विषय काढला. म्हणे कंपनीच्या कागदावर नवीन गाडी हलकी आहे. ऑर्विन म्हणाला, "कागदावरचं वजन म्हणजे लग्नातला फोटो. तेल नाही, पेट्रोल नाही, सामान नाही." गॉर्डी म्हणाला, "मग काट्यावर घाल की! धान्याचे ट्रक मोजतो तो काटा तुझ्या आत्याला घाबरणार आहे का?" आपल्याकडे एकदा गोष्ट काट्यावर आली की मागे घेता येत नाही, तुला ठाऊकच आहे. दुपारी दोन्ही गाड्या सोसायटीत. तुझ्या गाडीला ऑर्विन हात लावेना, म्हणून ती गॉर्डीने चालवत आणली. तुला न विचारता, त्याबद्दल मी क्षमा मागते. उतरल्यावर त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग म्हणाला, "शिवणयंत्र आहे. पण चांगलं शिवतं." मी टपाल टाकायला निघाले होते, तर बघायला थांबले. डेल काट्याच्या खिडकीत बसून आकडे ओरडत होता.

हेल्गा एकटी गेली. नऊशे साठ पौंड. तुझी एकटी गेली. आठशे साठ. तो काटा वीस-वीसनेच पुढे सरकतो, तेव्हा थोडं इकडे तिकडे धर. गॉर्डीने टोपी उडवली, "शंभर पौंड! ऑर्विन, शंभर पौंड तू उगाच पंचवीस वर्षं फिरवतोयस." ऑर्विन ऐकणारा थोडाच. "रिकामी गाडी कोणी चालवतं का? माणसासकट मोज." तो हेल्गावर बसून काट्यावर गेला. डेल ओरडला, "अकराशे वीस!" मग गॉर्डी तुझ्या गाडीवर बसून गेला. डेलने काच पुसली, पुन्हा बघितलं आणि ओरडला, "अकराशे वीस!"

अरे काय हसले सगळे. डेल म्हणाला, "कंपनीने शंभर पौंड काढले ते गॉर्डीने खाल्ले." कोणी म्हणालं, "गॉर्डी, तुला स्वतंत्र नंबरप्लेट लागेल." गॉर्डी स्वतःच पोट धरून हसत होता. ऑर्विन हसला. तो मे महिन्यापासून हसला नव्हता. मीही हसले.

आणि हसता हसता माझ्या डोक्यात वजाबाकी झाली. बाजारात उभी असले तरी माझं तसंच होतं, बेरीज-वजाबाकी थांबत नाही. अकराशे वीसमधून नऊशे साठ.

एकशे साठ.

वीस पौंड इकडचे तिकडे सोड. ऑर्विनच्या परवान्यावर दोनशे पंधरा लिहिलंय, आणि ते खोटं नव्हतं. तो बारीक झालाय हे मला दिसत होतं रे. थंडीभर लोकरीचे कपडे, वर ती ढगळ डांगरी, त्यात कळत नाही किती. आणि तो खात होता! सकाळी चार अंडी, रात्री ओव्हनमधल्या हॉटडिशचं अर्धं भांडं. किराणा वाढलाय म्हणून मीच कुरकुर करत होते. जो माणूस दोघांचं खातो त्याच्याबद्दल कोण काळजी करेल? चर्चमध्ये बायका मला म्हणायच्या, ऑर्विन किती छान उतरलाय, काय खाऊ घालतेस. आणि मी त्यांना माझी बटाट्याची कृती सांगायचे.

मी टपाल न टाकता घरी आले. तो आल्यावर म्हटलं, "ऑर्विन, शर्ट काढ."

"भर दुपारी? शेजारी काय म्हणतील, मार्लिस?"

मी हसले नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने पट्टे खांद्यावरून सोडले आणि शर्ट काढला. मी काय बघितलं ते तुला लिहीत नाही. तो तुझा भाऊ आहे.

मग तो टेबलाशी बसला. हात टेबलावर ठेवले. ते थरथरत होते, आणि या वेळी त्याने ते मांडीखाली घातले नाहीत. म्हणाला, "मला ठाऊक आहे काय झालंय ते. बाबांचं तेच. लोवेलला पंपावर दिसलं ते मला त्याच्या आधीपासून दिसत होतं."

तू त्या दिवशी नेमकं काय बोललास ते मला माहीत आहे, मी मागेच उभी होते. हेल्गा कलली, तू धावत येऊन तिचं हँडल धरलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "दादा, बाबांसारखं व्हायच्या आत किल्ली वहिनीकडे दे." तू घाबरून बोललास हे मला तेव्हाही कळलं होतं. मामंजींना शेवटची सात वर्षं चमच्याने भरवताना तू आणि मी समोरासमोर बसत होतो. पण तुझा दादा तेव्हा काय ऐकत होता, ते तुला ठाऊक नाही आणि मलाही नव्हतं.

तो रोज सकाळी माझ्या आधी उठून शेडमध्ये जातो. मला वाटायचं कोंबड्यांना बघायला. तो जातो हेल्गाला साइड स्टँडवरून सरळ उभी करायला. दोन्ही पायांवर तोलून धरतो आणि पुन्हा ठेवतो. जोवर तिला उभी करता येतेय तोवर बाबांचं दुखणं आपल्याला नाही, असं त्याने मनाशी ठरवलंय. म्हणून तुझी गाडी नको. हलकी गाडी कोणीही उभी करेल, त्यात काय कळणार, म्हणाला.

"आणि आता?" मी विचारलं.

"गेल्या बुधवारपासून एकट्याने होत नाही. आजही गॉर्डीने हात लावला तेव्हा उभी राहिली."

लोवेल, मी एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. पाद्रीबाईंनासुद्धा नाही. आशीर्वादाच्या दिवसापासून मी रोज रात्री प्रार्थना करत होते की हेल्गाचं इंजिन बसू दे. म्हणजे त्याला कोणी काही सांगायला नको आणि त्याने काही ऐकायला नको. मी देवाकडे मोटरसायकलीचं वाईट मागत होते आणि हा तिकडे शेडमध्ये तिच्याच आधारावर उभा होता.

उद्या सकाळी दहाला डॉक्टरची वेळ घेतलीय. तो येतो म्हणाला. फक्त म्हणाला, "लोवेलला कळवू नकोस." मी "बरं" म्हटलं. या पत्रावर तिकीट मी आधीच लावून ठेवलं होतं, ते वाया कसं घालवू?

आमच्यासाठी प्रार्थना कर. तू चर्चला जात नाहीस हे मला माहीत आहे. तरी कर.

वहिनी


२४ जुलै २०२२, रविवार

प्रिय लोवेल,

आशीर्वाद, आशीर्वाद, आणि आणखी एक आशीर्वाद. फोनवर मी नीट बोलले नाही, नुसती रडले आणि तू "वहिनी, नीट सांग" म्हणत राहिलास. आता नीट सांगते, कारण आता रडू येत नाहीये. आता हसूच येतं.

डॉक्टरीण तरुण आहे, गावात नवी. ऑर्विनने आत जाताच तिला सांगून टाकलं, "माझ्या वडिलांना कंपवात होता. मलाही तोच आहे. औषध काय ते लिहून द्या आणि गाडीबद्दल बोलू नका." ती म्हणाली, "बसा तर आधी." मग तिने विचारायला सुरुवात केली. ती त्याला विचारायची आणि उत्तर मी द्यायचे.

"भूक कशी आहे?"

"दोघांची," मी म्हटलं.

"थंडी वाजते?"

"हा जानेवारीत खिडकी उघडी टाकून झोपत होता."

"खुर्चीतून उठताना?"

"हात टेकतो. जिन्यावर कठडा धरतो."

"मला बोलू दे की जरा," ऑर्विन म्हणाला. ती म्हणाली, "बोला. छाती धडधडते का?" तर हा छताकडे बघायला लागला. म्हणजे धडधडत होती, आणि तेही मला सांगितलं नव्हतं!

मग तिने त्याला दोन्ही हात पुढे ताणायला सांगितले आणि पंजांवर एक कोरा कागद ठेवला. कागद बारीक बारीक फडफडायला लागला. मग म्हणाली, आता हात मांडीवर सोडा, अगदी सैल. हात सैल पडले आणि थांबले. लोवेल, मामंजींचे हात आठव. त्यांचे मांडीवर असताना हलायचे आणि कप धरायला गेले की थांबायचे. याचं बरोबर उलटं. इतके महिने हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि थरथर म्हटली की थरथर, एवढंच मी बघत होते.

तिने त्याचा गळा चाचपला. रक्त घेतलं. सोमवारी फोन आला. थायरॉइड आहे. गळ्यातली ती गाठीएवढी ग्रंथी भट्टीसारखी पेटली होती आणि याचं मांस जाळत होती, आधी मांड्यांचं. म्हणून पाय टेकला की गुडघा दुमडत होता. गोळ्यांनी बरं होतं, म्हणाली. वेळ लागेल, पण बरं होतं.

ऑर्विनने फोन माझ्या हातून घेतला. "बाबांचं नाही?"

"नाही."

"पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं. त्याने फोन खाली ठेवला, बाहेर गेला, आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. काच वर केलेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, जावं की न जावं कळेना. मग त्याने हॉर्न वाजवला. मी एप्रनवरच धावले. म्हणाला, "बस. भूक लागलीय." गावातल्या हॉटेलात आम्ही दुपारी साडेतीनला चिकन, बटाटे आणि रुबार्ब-पायचे दोन-दोन तुकडे खाल्ले. रुबार्ब-पाय घरी होता, लोवेल. घरी अख्खा रुबार्ब-पाय होता, आणि मी काही बोलले नाही.

मला एका गोष्टीची लाज वाटते, पण त्याचंही आता हसू येतं. थंडीत त्याने घराचं तापमान स्वतःहून खाली आणलं, कधी नव्हे ते. मी तीस वर्षं त्याला सांगत आले होते की स्वेटर घाल, गॅस जाळू नको. यंदा न सांगता! गॅसचं बिल आलं तेव्हा मी टेबलाशी हात जोडून देवाचे आभार मानले की नवऱ्याला अखेर काटकसर कळली. डॉक्टरिणीला हे सांगितलं तर ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला.

आता गाडीचं. तू फोनवर सारखं तेच विचारत होतास.

गोळ्यांना पाच आठवडे झाले. हातांची थरथर जवळजवळ गेली. सोळा पौंड परत आलेत, आमच्या स्नानघरातल्या काट्यावर, धान्याच्या नव्हे. मोठ्या रस्त्याला डॉक्टरीण अजून नाही म्हणते. "आणि आवारात?" त्याने विचारलं. "आवारात किती वेगाने?" "माणसाच्या चालीने." ती म्हणाली चालेल.

काल संध्याकाळी त्याने ताडपत्रीच्या विटा काढल्या. मी भांडी घासत होते, मुद्दाम मान वर केली नाही. चर्चच्या आवारात गॉर्डी आणि मी बाकावर बसलो आणि तुझा दादा तुझ्या गाडीवर आठाचे आकडे काढत राहिला. आधी मोठे, मग लहान. एकदा पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर हेल्गा जशी नाक खाली घालते तशी ही घालत नाही, नुसती उभी राहते. त्याने ते चार वेळा करून बघितलं. मग बटणाने मागे नेली, पुढे आणली. परत आला तेव्हा गॉर्डीने विचारलं, "काय?"

"बरी आहे."

"बरी?"

"हेल्गाला आधी सांगावं लागतं, मग ती विचार करते, मग वळते. हिला सांगायच्या आधीच ठाऊक असतं." मग हातमोजे काढत म्हणाला, "मला ते आवडतंच असं नाही."

गॉर्डी मला म्हणाला, "आवडलं म्हणायची याची हीच रीत आहे ना?" मी म्हटलं, "लग्नाची मागणीही अशीच घातली होती."

मग त्याने मागच्या सीटवर हात थोपटला. मी लगेच उठले नाही. गुडघा बरा झालाय, पण गुडघ्यालाही आठवण असते. तो वाट बघत राहिला, घाई केली नाही. शेवटी बसले. दोन बोटं ठोकली. आणि त्याच जागेवरून, जिथे मे महिन्यात पडलो तिथून, आम्ही वळलो. काही झालं नाही. तुला खोटं वाटेल पण मी तेवढंच सांगायला हे पत्र लिहितेय: काही झालं नाही. गाडी कलली, वळली, सरळ झाली, आणि त्याची पाठ माझ्यापुढे स्वस्थ होती.

मला विचारशील तर तुझी सीट अरुंद आहे. हेल्गावर बसणं म्हणजे सोफ्यावर बसणं. आणि मागची पेटी अगदीच लहान, माझं हॉटडिशचं भांडं त्यात मावत नाही, झाकण उघडंच राहतं. कंपनीवाल्यांनी शंभर पौंड कमी केले ते माझ्या भांड्याच्या जागेतून. पण उतरताना पाय सहज जमिनीला लागला.

हेल्गा विकायची नाही म्हणाला. मांड्यांत जोर आला की तिला उभी करेन, पण आता परीक्षा म्हणून नाही. मी म्हटलं मग कशाला? म्हणाला, "ती पण खूप दिवस बसून आहे."

तू पंपावर बोललास ते चुकीचं निघालं, लोवेल. देवाची कृपा की चुकीचं निघालं. पण तू बोलला नसतास तर मी धास्तावले नसते, आणि धास्तावले नसते तर त्या दिवशी काट्याजवळ हसून घरी आले असते. हे मी ऑर्विनलाही सांगितलंय, याच शब्दांत. हे पत्र मी त्याच्यासमोर बसून लिहितेय, आणि कोणाला लिहितेय ते त्याला माहीत आहे.

डॉक्टरीण म्हणाली हे दुखणं भावंडांतही असू शकतं. तू रक्त तपासून घे. टाळू नकोस. खिडकी उघडी टाकून झोपतोस का ते मला कळव.

आता संपवते. खाली अर्धं पान कोरं सोडतेय. कागद वाया घालवायची मला सवय नाही हे तू जाणतोस. मी कोंबड्या कोंडायला जाते आणि लेखणी टेबलावर ठेवून जाते.

तुझी सुखी वहिनी,
मार्लिस


लोवेल,

पुढच्या चाकात हवा कमी होती. भरून ठेवलीय.

ये.

दादा